कोल्हापूरची बाजू

दिवाळीचे आकाशकंदील अजून दारांवर लटकत असतात, दवानं त्यांचा कागद मऊ पडलेला असतो, आणि एक दिवस भाजी आणायला बाहेर पडावं तर रस्त्यात उसाची गाडी आडवी येते. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, पुढं ट्रॅक्टरवर मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर आणि त्यानं मोठ्यानं लावलेलं गाणं. मागं दुचाक्यांची रांग लागते. कुणी हॉर्न वाजवतं, कुणी "अगा, सर की बाजूला!" म्हणून ओरडतं. तो सरत नाही. सरायला जागाच नसते. कोल्हापुरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला हा असा वाटेतच कळतो.

पूर्वी पोरं पळत जाऊन ट्रॉलीतला ऊस ओढायची. परवा मंगळवार पेठेत आमच्या कोपऱ्यावर एक ट्रॉली बराच वेळ अडकून उभी होती. मी हातात पिशवी घेऊन बघत होते. कुणी ऊस ओढला नाही. ओढायला पोरंच नव्हती. आमच्या गल्लीत आता सकाळी फिरायला जाणारी माणसं जास्त आणि शाळेला जाणारी कमी. दोन घरांना तर कुलूपच असतं. गणपतीत उघडतं, पुन्हा लागतं.

हंगाम लागला की मला एकच हिवाळा आठवतो. महेश, म्हणजे आमचा मुलगा, त्याची बायको ऋचा आणि चार वर्षांची ईरा आमच्याकडं राहून बघायला आली होती, तो. 'राहून बघायला' हे शब्द ऋचाचे. दोघं पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्यांत कामाला. त्या वेळी दोघांच्या ऑफिसांनी घरून काम करायची मुभा दिली होती, आणि महेशच्या डोक्यात पुन्हा कोल्हापूर घुमायला लागलं होतं. ऋचा कोथरूडची, तिथंच जन्मलेली, तिथंच वाढलेली. तिनं मला स्वतः फोन केला.

"आई, मी नाही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पण आधी एक हिवाळा राहून बघते. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तुम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही."

मला तिचा हा सरळपणा आवडला. फोन ठेवून मी यांना सांगितलं. हे, म्हणजे माझे मिस्टर. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना आण्णा म्हणतात. घरातही तेच. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तिथल्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय घरी आल्यावरही कधी मोडली नाही. शेजारच्या खोलीत मीठ मागितलं तरी चौथ्या घरी कळतं.

"राहून बघू दे की!" ते म्हणाले. "एकदा ऱ्हायली की जाती कशाला?"

त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी फार दिवसांनी बघत होते. जन्मभर ते या गावाची बाजू घेऊन भांडत आले होते. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांशी, लग्नाच्या मांडवात, बारशाच्या पंगतीत, रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाशी. कुणी नुसतं म्हणायचं, "कोल्हापूर काय, छान निवांत आहे," की हे मान वर करायचे. "निवांत हाय म्हंजे मेलेलं हाय का?" आमचं लिंगायताचं घर. यांनी उभ्या जन्मात मटणाचा तुकडा चाखलेला नाही. पण पांढऱ्या रश्श्याला कुणी नाव ठेवलं तर हे हमरीतुमरीवर यायचे. मी म्हणायचे, "अहो, तुम्हाला त्याची चव तरी ठाऊक आहे का?" तर म्हणायचे, "चव कशाला पायजे? आपल्या गावचा हाय न्हवं?"

मला हे तेव्हा गमतीचं वाटायचं. आता वाटतं, आपल्या गावाची बाजू घ्यायची वेळ आली की आपण ताटातल्या आणि पायातल्या वस्तू पुढं करतो, कारण त्या दाखवता येतात. जे दाखवता येत नाही ते कसं सांगायचं? दुपारी कामावरचा माणूस घरी जेवायला येऊ शकतो, ही काही कुणाला दाखवायची गोष्ट आहे? रस्त्यात दोन ओळखीची माणसं भेटली आणि मागचा खोळंबलेला रिक्षावाला ओरडण्याऐवजी त्यांच्या बोलण्यात स्वतःही भाग घ्यायला लागला, तर ते गावाच्या बाजूनं धरायचं की विरुद्ध? मोठ्या शहरातला माणूस विचारतो, "तिथं दिवसभर करता काय?" आणि खरंच, त्या प्रश्नाला उत्तर नसतं. राहतो, एवढंच.

तशी मी या गावची नव्हे. माझं माहेर संकेश्वरच्या अलीकडचं एक खेडं. घरात कन्नड बोललं जाई; मराठी मी शाळेत शिकले आणि पुढं जन्मभर कोल्हापूरच्या मुलींना तीच शिकवली. लग्न होऊन आले तेव्हा माझ्यासाठी कोल्हापूर हेच मोठं शहर होतं. एवढी दुकानं, एवढे दिवे, गल्लीच्या टोकाला डॉक्टर. माझे अप्पा मला भेटायला यायचे, बरोबर माठातलं दही आणि वांग्यांची पिशवी असायची. माझे सासरे त्यांना आपलं गाव दाखवायला घेऊन जायचे. संध्याकाळी दोघं परत आले की अप्पा खुर्चीच्या कडेवर बसायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "नम्म ऊर नीर बाळ छलो ऐती." आमच्या गावचं पाणी फार चांगलं आहे. दर खेपेला तेवढंच. पाण्याच्या पुढं त्यांना कधी जाता आलं नाही. खरंच त्या विहिरीचं पाणी गोड होतं. पण पाण्यासाठी कोण राहतं?

तर ती तिघं आली. वरची खोली यांनी आधीच रंगवून घेतली होती. इंटरनेटची जोडणी घेतली, ती पडली तर हाताशी असावी म्हणून दुसरी घेतली, लाइट गेली तर म्हणून बॅटरी बसवली. ऋचा सकाळी वर जाऊन कामाला बसायची आणि हे जिन्याखाली उभं राहून कान द्यायचे. मीटिंगच्या मध्येच तिचा आवाज थांबला की हे पहिल्या पायरीवर चढायचे. "गेलं का नेट?" असं खालून ओरडायचे, आणि ते तिच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जायचं. तिच्या बंगलोरच्या साहेबानं एकदा विचारलं म्हणे, तुमच्याकडं कुणी भांडतंय का? ऋचा हसून म्हणाली, "नाही, माझे सासरे काळजी करतायत."

कामातून ती मोकळी झाली की हे स्कूटर काढायचे. भाजी आणायची असो, चष्म्याची काडी बसवायची असो, प्रत्येक कामातून त्यांना काहीतरी सिद्ध करायचं असायचं. परत आल्यावर स्कूटर स्टँडला लावता लावता म्हणायचे, "बघ, झालं बी काम. एवढ्यात पुण्यात सिग्नल तरी सुटला असता का?" ऋचा म्हणायची, "नसता सुटला, आण्णा." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच नवल वाटायचं. चष्म्यावाल्यानं काडी बसवायचे पैसे घेतले नाहीत, वर बसवून चहा पाजला, हे तिनं आपल्या आईला फोनवर दोनदा सांगितलेलं मी ऐकलं.

आणि ईरा. तिला जवळच्याच बालवाडीत घातलं होतं. पंधरवड्याच्या आत ती "मी जातो", "मी जेवलो", "मी येतो की" असं बोलायला लागली. आमच्याकडं बायका-मुली असंच बोलतात, मुलग्यासारखं. शाळेत मी जन्मभर पोरींच्या वह्यांतलं 'जातो' खोडून 'जाते' करत आले होते, आणि घरात नातीच्या तोंडून तेच ऐकताना मला इतका आनंद व्हायचा, की मी तिला एकदाही थांबवलं नाही. कोथरूडची आजी मात्र फोनवर रोज म्हणायची, "ईरू, जाते म्हण, जाते." ईरा म्हणायची, "बरं, मी जातो आता."

थंडी वाढत गेली. संध्याकाळी कारखान्यांच्या बाजूनं मळीचा वास यायचा. ऋचा नाकाला ओढणी लावायची आणि मी विषय बदलायचे. मी स्वतःही त्या दिवसांत गावाकडं ऋचाच्या डोळ्यांनी बघायला लागले होते, आणि ते काही सुखाचं नव्हतं. उखणलेला रस्ता, कोपऱ्यावरचा कचरा, कुठल्या तरी मंडळाचा दिवसभर चाललेला स्पीकर. एरवी या गोष्टी माझ्या डोळ्यांआड असायच्या. निवांत शहर म्हणतात. पण आमचं शहर निवांत कुठं आहे? ते मोठ्यानं बोलतं, मोठ्यानं हसतं, मोठ्यानं लग्नं लावतं. निवांत आहे ते एवढंच, की इथल्या माणसाला दुसरीकडं पोचायची घाई नसते. आणि ज्याला घाई असते तो इथं राहत नाही.

एकदा जेवताना ऋचानं सहज विचारलं, "आण्णा, इथं माझ्यासारखं काम करणाऱ्या बायका कुठं भेटतील?"

यांनी घास खाली ठेवला. "भेटतील की," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला काही न सांगता हे बाहेर पडले. दुपारी आले ते खुशीत. गावातली एक कॉम्प्युटरची कंपनी त्यांनी शोधून काढली होती, थेट आत जाऊन बसले होते आणि आपल्या सुनेचं शिक्षण, काम, एक पगार तेवढा सोडून सगळं त्यांना सांगितलं होतं.

"मग काय म्हणाले?" ऋचानं विचारलं. ती मनातून चिडली असावी, पण दाखवलं नाही.

"चांगली पोरं हाईत. म्हणाली, काका, मॅडमना आम्ही काय शिकवणार, त्याच आमच्या मालकांना शिकवतील!"

हे अभिमानानं सांगत होते. सांगून झाल्यावर आमच्या तोंडांकडं बघितलं, आणि तिच्याजोगं काम इथं नाही हेच त्या पोरांनी सांगितलं होतं, ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

मग ती दुपार. महेश ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेला होता. हे हातकणंगल्याला चुलतभावाकडं गेले होते. घरात आम्ही दोघी आणि ईरा. तिला सकाळपासून ताप होता, औषध दिलं होतं, ती माझ्या मांडीवर झोपली होती. एकाएकी तिचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले. मी "ऋचा!" म्हणून ओरडले. ऋचा जिन्यावरून धावत आली, तिनं बघितलं आणि जागच्या जागी किंचाळली.

समोरच्या मालूताई पापड वाळत घालत होत्या. त्या तशाच आल्या. काही विचारलं नाही. ईराला माझ्याकडून उचललं, कुशीवर धरलं आणि अनवाणी रस्त्यावर गेल्या. एक परकी गाडी येत होती. मालूताई तिच्यापुढं मधोमध उभ्या राहिल्या.

"पावणं, थांबा! लेकरू हाय!"

गाडीतल्या माणसानं दार उघडलं. कुठं जायचं, एवढंच विचारलं. तो आला होता त्याच्या उलट दिशेला त्यानं गाडी वळवली आणि दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. आत पोचेपर्यंत ईराचे झटके थांबले होते. ती रडायला लागली. मी माझ्या आयुष्यात इतकं गोड रडणं ऐकलेलं नाही.

अर्ध्या तासात दवाखान्याच्या दारात आमची गल्ली उभी होती. कुणी चादर आणली, कुणी थर्मासमधून चहा, कुणी नुसतंच आलं. नर्सबाई म्हणाल्या, "एवढी माणसं कशाला? पोरीला ताप आलाय, लग्न न्हाई." कुणी हललं नाही. तो गाडीवाला माणूसही भिंतीला टेकून थांबला होता. डॉक्टर बाहेर आले, घाबरण्यासारखं काही नाही, तापात लहान मुलांना होतं असं, म्हणाले; तेव्हा तो निघून गेला. त्याचं नाव आम्ही कुणी विचारलं नाही.

जाता जाता डॉक्टर ऋचाला म्हणाले, "तरी एकदा पुण्यात लहान मुलांच्या मेंदूच्या तज्ज्ञांना दाखवून घ्या. काळजीचं काही नाही. तुमच्या मनाची खात्री."

हे हातकणंगल्याहून धावतपळत आले तोवर ईराला घरी आणलं होतं. तिच्या उशाशी बसले, कपाळाला हात लावून बघितला, घाम पुसला. मग सगळं ऐकून घेतलं. मालूताईंचं, पावण्याचं, दवाखान्यातल्या गर्दीचं. ऐकता ऐकता त्यांचा ऊर भरून आला.

"बघितलंस का ऋचा? पुण्यात आलं असतं का कुणी? सांग बरं, लिफ्टमध्ये तरी कोण बोलतंय का?"

ऋचा ईराच्या पायांवरून हात फिरवत होती. तिनं वर बघितलं नाही.

"कुणी नसतं आलं, आण्णा. इथं सगळे आले. मी जन्मात विसरणार नाही." ईराचं पांघरूण सारखं करून ती म्हणाली, "पण डॉक्टरांनी पुण्यालाच जायला सांगितलं."

पुढच्या आठवड्यात पुण्याला नेऊन दाखवलं. सगळं ठीक निघालं. पण तिचं ते वाक्य घरात राहिलं. मी किती तरी वेळा मनात त्याचं उत्तर शोधलं आहे. माणसं धावून येणं मोठं की डॉक्टर असणं मोठं, हा काही प्रश्न होऊ शकत नाही, दोन्ही हवंच. पण ज्याला दोन्ही मिळणार नाही त्यानं काय धरायचं? पोराच्या आईनं डॉक्टरच धरावा. तिच्या जागी मीही तोच धरला असता. धरलाच होता एका परीनं. म्हणून तर गल्लीच्या टोकाला डॉक्टर असलेल्या गावात मला अप्पांनी दिली.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही सगळे पन्हाळ्याला गेलो. ऊन होतं, पण वारा असा की कानाला झोंबायचा. महेश ईराला खांद्यावर घेऊन तिच्या आण्णा-आजोबांबरोबर पुढं गेला. मी आणि ऋचा तटाजवळ थांबलो. खाली उसाची शेतं, काही उभी, काही तोडून मोकळी झालेली, मध्येच गुऱ्हाळांचा धूर सरळ वर चढताना दिसत होता. लांबवर कोल्हापूर धुरकट दिसत होतं, एका तळहाताखाली झाकलं जाईल एवढं.

"आई, मला इथं आवडतं," ऋचा म्हणाली. "आण्णांना वाटतं मला आवडत नाही. तसं नाही. मला इथं झोप चांगली लागते. ईरा इथं जास्त हसते. पण मी इथं काय व्हायचं, ते मला दिसत नाही. तुम्ही सगळे मला सांभाळाल. सांभाळून घेतलेली म्हणून किती वर्षं राहू?"

मी तिचा हात हातात घेतला. तिनं असं बोलायला नको होतं, असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं, ही पोरगी राहील. जिला गावातलं चांगलं आणि उणं दोन्ही दिसतं, ती राहू शकते. परतताना आम्ही एका गुऱ्हाळावर थांबलो, ईरानं गरम गुळानं हात आणि तोंड माखून घेतलं, आणि गाडीत ऋचा महेशला म्हणाली, "जूनसाठी इथल्या शाळांची चौकशी करून ठेवूया." हे पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. पण त्यांचे कान बघितले तर ते हसताहेत हे मागूनही कळत होतं.

हंगाम सरत आला. रस्त्यावरच्या ट्रॉल्या विरळ झाल्या. आणि एका सकाळी नाष्ट्याच्या वेळी ऋचा मोबाइल बघता बघता थांबली. ऑफिसचा निरोप होता. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर राहायचं. महेशच्या कंपनीचंही तेच होणार, हे त्याला आधीच कळलं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं.

"म्हंजे?" हे म्हणाले.

"म्हणजे जावं लागेल, आण्णा," महेश म्हणाला.

"आरं पण शाळा बघणार हुतो न्हवं आपण?"

हे ऋचाकडं बघत होते, जणू निरोप तिनंच लिहिला होता आणि तिनं मनात आणलं तर खोडता आला असता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पण अजून माझं सांगून झालं न्हाई की," ते म्हणाले.

एरवी चौथ्या घरी जाणारा तो आवाज त्या दिवशी टेबलाच्या पलीकडं गेला नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आम्ही हरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. चार महिने राहून तिनं म्हटलं असतं, की नाही जमत, तर ते तिचं मत झालं असतं. आम्ही रागावलो असतो, रडलो असतो. पण इथं आम्हाला कुणी हरवलंसुद्धा नाही. ज्यांनी तो निरोप लिहिला त्यांना कोल्हापूर नावाचं गाव आहे, तिथं एक माणूस जिन्याखाली उभा राहून इंटरनेट चालू आहे की नाही ते ऐकतो, हे माहीतही नसणार. आपण आपल्या गावाची बाजू मांडत बसतो ती पाहुण्यांपुढं, मुलांपुढं, सुनांपुढं. ते सगळं ऐकून घेतात, पुष्कळदा पटवूनही घेतात. पण ठरवणारे ते नसतातच.

ती तिघं निघाली तेव्हा मालूताईंनी पापडांचा डबा दिला. ऋचा त्यांच्या गळ्यात पडून रडली. ईरा खिडकीतून हात हलवत "मी परत येतो!" म्हणून ओरडत होती. गाडी वळली, आणि हे आत आले आणि वरच्या खोलीत जाऊन इंटरनेटच्या दोन्ही डब्यांची बटणं बंद करून आले.

त्यानंतर हे भांडायचे थांबले. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात पुण्यात एका लग्नात माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी पंगतीत विषय काढला. "कोल्हापूर म्हणजे आता रिटायर्ड लोकांचं गाव झालंय. कोण राहिलंय तिथं?" मी सवयीनं यांच्याकडं बघितलं. शेजारची दोन-तीन माणसंही बघायला लागली. यांची ख्याती सगळ्यांना ठाऊक. हे भाताचा घास मोडत होते.

"व्हय," ते म्हणाले, "कोण न्हाई."

त्या गृहस्थांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. ते घाईनं म्हणाले, "पण हवा चांगली आहे हं तुमच्याकडं." हे म्हणाले, "हवा हाय." मला त्या क्षणी माझे अप्पा आठवले, खुर्चीच्या कडेवर बसलेले. त्या लग्नातच ईरा मला भेटली. पळत आली, मिठी मारली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, मी खेळायला जाते." जाते. अगदी शुद्ध. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जा."

आता हा हंगाम. परवा दुपारी आम्ही दोघं ओट्यावर हरभऱ्याच्या डहाळ्या घेऊन सोलत बसलो होतो. ऋचाचा फोन आला. हात भरलेले म्हणून मी स्पीकर लावून फोन पायरीवर ठेवला.

महेशला कंपनी कॅनडात पाठवते आहे. कायमचं. त्यानं हो सांगून टाकलं आहे, उन्हाळ्यात जायचं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग तिचा आवाज चढला.

"सगळे म्हणतायत, नशीब काढलंस. पुण्यात काय ठेवलंय, म्हणतात. आई, पुण्यात काय नाही हो? सकाळी टेकडीवर गेलं की ओळखीची चार माणसं भेटतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू आठवडाभर डबा देत होत्या. ईराच्या मैत्रिणी आहेत. माझी भाजीवाली आहे, ती मला न विचारता कोथिंबीर बाजूला काढून ठेवते. तिकडं चार-चार महिने बर्फ, शेजारी कोण ते कळायचं नाही. मी महेशला हे सगळं सांगते. तो ऐकून घेतो, बरोबर आहे म्हणतो. आणि पुन्हा कॉम्प्युटर उघडून तिकडची घरं बघतो."

भाजीवाली आणि कोथिंबीर. मला पुढचं सगळं ठाऊक होतं. ती अजून बोलणार होती, आणखी आठवून आठवून सांगणार होती, आणि उन्हाळ्यात विमानात बसणार होती. मी नुसती "हो गं, हो" म्हणत राहिले.

हे डहाळी खाली ठेवून पुढं सरकले. हात धोतराला पुसले आणि फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"ऋचा, मी आण्णा बोलतोय."

"हां, आण्णा." तिनं नाक ओढलं.

जन्मभर ज्या गावाचं नाव निघालं की या माणसाच्या कपाळाला आठी पडायची, त्या गावाबद्दल एखादा बरा शब्द शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.

"पुणं लई चांगलं गाव हाय," ते म्हणाले. "कुणी काय बी म्हणू दे. लई चांगलं हाय, पोरी."